लागतंय का?

दुपारी जेवण झाल्यावर आरामखुर्चीत डोळा लागतो आणि मला कापूस दिसतो. बर्फ मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही, पण तो पडत असेल तर असाच पडत असावा. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आलेली असते. तिच्यात कापसाचे तंतू वर जातात, खाली येतात, कुणाला कसली घाई नाही. जवळच कापूस पिंजायच्या धनुष्याची, पिंजणाची, तात वाजत असते, टुंई, टुंई. आणि त्या कापसात बसून सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघून हसत असते. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, परकराच्या काठावर कापूस. मी तिला काहीतरी विचारतो. ती मान हलवून "न्हाय" म्हणते. तिथे मला जाग येते.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "डॉक्टर, दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." गमती आहेत, त्या सांगतोच. पण मी हो म्हटलं ते त्या मुलीसाठी, हे आधीच सांगून ठेवतो.

मी लहान मुलांच्या त्वचेचा डॉक्टर. मी शिकत होतो त्या साठच्या दशकात असा काही वेगळा डॉक्टर असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मुंबईत ज्या विभागात मी शिकलो त्याच्या दारावर 'त्वचा व गुप्तरोग' अशी जोडपाटी होती. रांगेत तोंड लपवून उभे असलेले पुरुष, आणि त्यांच्याच मागेपुढे कडेवर लेकरं घेतलेल्या आया. मोठ्यांकडे बघायला सगळे विद्यार्थी धावत, कारण परीक्षेत तेच विचारत. रडणारी पोरं माझ्या वाट्याला यायची. आमचे सर मूल तपासण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणत. म्हणत, "मोठ्या माणसाची कातडी म्हणजे लिहून भरलेली वही. पोराची वही कोरी. तिच्यावर काय उमटलंय तेवढं वाच. तू काही लिहू नकोस."

शिक्षण संपवून कोल्हापुरात परत आलो, लक्ष्मीपुरीत एका माडीवर दवाखाना थाटला आणि पेंटरकडून 'चर्म व गुप्तरोगतज्ज्ञ' अशी ठसठशीत पाटी रंगवून घेतली. महिना गेला तरी एक मूल वर येईना. शेवटी एक आजीबाई नातीला घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत आली आणि तिथूनच ओरडली, "डाक्टर, तुमीच खाली या! ह्या जिन्यावनं पोरगीला उतरताना कुणी बघितलं तर उद्या लगीन कोण करंल तिचं?" पोरगी चार वर्षांची होती. मी खाली जाऊन जिन्याखालीच तिची खरूज तपासली आणि दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून 'गुप्त' पुसायला सांगितलं. तेव्हापासून गावात मी 'कातड्याचा डाक्टर' झालो.

त्या नावानंही घोटाळे झाले. एकदा कागलकडचा एक शेतकरी वर आला आणि दारातच उभा राहिला.

"या की पावणं, बसा," मी म्हणालो.

"बसतो, पर म्हशीला वर कशी आणू? खाली खांबाला बांधलीया. गजकर्ण झालंय तिला."

"अहो, मी माणसांचा डॉक्टर."

"कातडं त्ये कातडंच की ओ! तिचं जरा जाड, येवढंच."

बोलता बोलता तो दंड खाजवत होता. बाही वर करायला लावली, तर तिथेही तेच गोल चट्टे. घरातल्या पोरांनाही होते, कारण सगळी पोरं म्हशीला टेकून झोपायची. म्हशीसाठी गुरांच्या डॉक्टरचा पत्ता दिला आणि बाकी घराला औषध. जाताना तो म्हणाला, "म्हंजे मूळ म्हसच. मी सांगत हुतो तर तुमी ऐकंना!" त्याचं खरं होतं.

आणि गगनबावड्याहून यायची एक बाई. पावसाळाभर तिच्या मुलांचे पाय कोरडे होत नसत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. मी मलम लिहायला लागलो की म्हणायची, "मलम ऱ्हाऊ द्या. दोन दिसाचं ऊन लिवून द्या, आमच्याकडं त्येच मिळत न्हाय."

असे दिवस होते. लहान मुलांची कातडी बघत बसणं हे फार शांत काम आहे. पोटात काय चाललंय ते कळत नाही, छातीतलं ऐकून ओळखावं लागतं, पण कातडी समोर उघडी असते. खिडकीशी मूल बसवायचं, उजेड तिरका पडू द्यायचा आणि बघत राहायचं. कधी कधी मला वाटायचं की मी काही करतच नाही, नुसता एखाद्या तळ्याकडे बघत बसलोय. तळ्यावर काय उमटतंय ते आपोआप दिसेल.

आता या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. मुलांच्या गालावर, दंडावर फिकट पांढरा चट्टा येतो. घरोघरी त्याला जंताचे डाग म्हणतात. जंतांशी त्याचा संबंध नाही. कातडी कोरडी पडते, रंग थोडा उतरतो, आणि काही महिन्यांत आपोआप परत येतो. बहुतेक चट्टे हेच असतात. पण क्वचित एखादा चट्टा कुष्ठरोगाची सुरुवात असतो. त्या काळी त्याला सर्रास महारोग म्हणत. दोन्हींतला मोठा फरक असा, की महारोगाचा चट्टा बधिर होतो. तिथे स्पर्श कळत नाही. म्हणून कापसाचा बारीक तंतू आणि टाचणी घेऊन तपासायचं.

सरांनी पद्धत घोटून घेतली होती. मुलाला खेळ म्हणून डोळे मिटायला सांगायचं. कापूस टेकवायचा. जिथे टेकला तिथे मुलानं बोट ठेवायचं. आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर. "शब्द विचारू नका, बोट विचारा," सर म्हणत. "शब्द चुकतो. बोट चुकत नाही." या खेळाला वेळ लागतो. एकेका मुलाला पाच-दहा मिनिटं सहज जातात.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझं नाव होऊ लागलं होतं. एका शाळेत मुलांची तपासणी करायला मला बोलावलं. त्याच संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांपुढे माझं भाषण होतं, विषय 'मुलांमधील महारोग लवकर ओळखणे'. भाषण लिहून खिशात होतं. शाळेच्या व्हरांड्यात मुलांची रांग संपता संपत नव्हती आणि माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं.

रांगेत ती आली. डाव्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा.

"नाव काय?"

"जैतून हुसेन पिंजारी."

मी ट्रेमधला कापूस घेतला, वळून त्याचा तंतू केला आणि चट्ट्यावरून फिरवला. "लागतंय का?"

ती हसली. "न्हाय."

मी टाचणी टेकवली. तिचे डोळे मोठे झाले, ओठ घट्ट मिटले. "लागतंय का?"

"न्हाय."

डोळे मिटायला सांगितलं नाही. बोट ठेवायला सांगितलं नाही. दुसऱ्या दंडावर तोच प्रश्न विचारला नाही. निदान दोन-तीन महिने थांबून चट्टा पुन्हा बघता आला असता, तेही केलं नाही. मी चिठ्ठी लिहिली: 'चट्ट्यात संवेदना नाही. महारोग. उपचार आवश्यक.' आणि ती मुख्याध्यापकांच्या हातात दिली. त्यांनी ती तिथेच, रांगेसमोर, मोठ्यानं वाचली.

त्या संध्याकाळी भाषणात मी सांगितलं, "आज दुपारीच मला असं एक मूल सापडलं." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील हुसेनभाई दवाखान्यात आले. उंच, वाकलेला माणूस. खांद्यावर पिंजण होतं, कामावरून तसेच आले होते. जुन्या गाद्या-उशा उसवायच्या, आतला गोळा झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा, पुन्हा भरून शिवून द्यायचं, हे त्यांचं पिढीजात काम. पिंजण त्यांनी अदबीनं दाराबाहेर टेकवलं.

"डॉक्टरसाब, एक इचारू का? आमी लोकांच्या जुन्या गाद्या फोडतो. कोण झोपलं हुतं, कुणाला काय हुतं, आमाला कुटं म्हाईत? माझ्या कापसातनं आलं व्हय हे पोरीला?"

कापसातून हा रोग येत नाही, हे मला माहीत होतं. एवढं वाक्य म्हणायला किती वेळ लागला असता? मी गोळ्यांचा कागद लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "सांगता येत नाही. कुठूनही येतो."

ते दाराकडे वळले. मग पिंजण उचलून गेले. जिन्यावरून उतरताना त्याची तात कठड्याला लागून वाजली. तो आवाज अजून येतो.

घरातल्या बाकीच्यांना तपासायला मी एकदा त्यांच्या घरी गेलो. तीच ती दुपार, जी मला स्वप्नात दिसते. हुसेनभाई पिंजत होते आणि खोलीत कापूस उडत होता. जैतून त्यात बसली होती. शाळेतून तिला काढून टाकलं असं कुणी म्हणत नव्हतं, 'बरी होईपर्यंत घरी ठेवा' म्हणाले होते. तिच्या पापणीवर कापूस येऊन बसला आणि ती डोळासुद्धा मिटेना. मी ते पाहिलं. मला त्याचं सौंदर्य दिसलं, अर्थ दिसला नाही. ज्या मुलीच्या अंगावर जन्मल्यापासून कापूस पडतोय, तिला कापसाचा एक तंतू 'लागणार' कसा?

काही महिन्यांनी हुसेनभाई तिला घेऊन आले. चट्टा गेला होता. केसपेपरवर आधीच्या 'चट्ट्यात संवेदना नाही'च्या खाली मी लिहिलं, 'उपचारास उत्तम प्रतिसाद.' आपोआप जाणारा चट्टा आपोआप गेला होता.

"तुमी पोरगी वाचवली," हुसेनभाई म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आमी निघालो, साब. निपाणीकडं सासुरवाडी हाय. हितं आता कोण गादी देत न्हाय पिंजायला. त्यांचंबी बराबर हाय. असल्या घरच्या कापसावर लेकरं कोण निजवंल?" त्यांनी पिशवीतून एक लहानशी उशी काढली. "नवा कापूस हाय, साब. हात साबणानं धुऊन पिंजलाय. ह्यो शेवटचा."

मी उशी घेतली. घरी नेऊन कपाटावर ठेवली. आणि मी, ज्याला या रोगाबद्दल सगळं ठाऊक होतं, ती उशी कित्येक वर्षं डोक्याखाली घेतली नाही.

पुढे वर्षभरानं हातकणंगल्याची एक बाई मुलाला घेऊन आली. मुलगा तालमीत जाणारा, मान आताच खांद्याएवढी जाड. दंडावर चट्टा. मी कापूस फिरवला, "लागतंय का?" "न्हाय." टाचणी. "लागतंय का?" "न्हाय." मी पेन उचललं.

आई हसायला लागली. "ओ डाक्टर, त्यो कदी लागतंय म्हणायचा न्हाय. परवा तालमीत उचलायची दगडी गुंडी पायावर पडली, नख निगालं, तरी लागलं न्हाय म्हणतोय. पैलवान न्हवं का!"

मी मुलाला विचारलं, "अरे, टोचलेलं कळतंय का तुला?"

"कळतंय की," तो म्हणाला. "टोचतंय. पर लागत न्हाय."

पेन हातातच राहिलं. मी इथलाच, याच गल्ल्यांत वाढलेला. लागणं म्हणजे स्पर्श होणं, आणि लागणं म्हणजे दुखणं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी विचारत होतो, कळतंय का? मुलं ऐकत होती, दुखतंय का? कापूस दुखत नाही. आणि टाचणी दुखली तरी, सगळ्या शाळेसमोर उभी असलेली मानी मुलगी ते कबूल करत नाही. ते मोठे झालेले डोळे आणि मिटलेले ओठ मला लख्ख आठवले. तिला सगळं कळलं होतं.

त्या मुलाचे डोळे मिटवून खेळ खेळलो. प्रत्येक वेळी त्याचं बोट बरोबर जागेवर पडलं.

मी पिंजाऱ्यांच्या घरी गेलो. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गेली की ती. त्यांच्या पोरीला त्यो रोग हुता न्हवं? तुमीच तर हुडकला." निपाणी काही विलायतेत नाही. एसटीनं तास-दीड तासाची वाट. मी गेलो नाही. शाळेला पत्र लिहायला बसलो, दोन ओळी लिहिल्या आणि फाडून टाकलं. पत्र गेलं असतं तर गावात बोभाटा झाला असता, की या डॉक्टरला चट्टा ओळखता येत नाही. मी स्वतःला सांगितलं की पोरगी बरी आहे, हिंडती-फिरती आहे, आता जुनं उकरून काय उपयोग? तिला खरोखर तो रोग असता, तरी तिच्याशी आणि त्या घराशी असं वागणं चूकच होतं. पण तिला तर तो नव्हताच.

मी फक्त माझी पद्धत बदलली. त्यानंतर आयुष्यभर एकाही मुलाला 'लागतंय का' विचारलं नाही. माझा डोळे मिटून बोट ठेवण्याचा खेळ पुढे प्रसिद्ध झाला. मुलं खेळासाठी परत यायचा हट्ट धरायची. नवे डॉक्टर तो बघायला येऊन बसायचे. एका समारंभात माझा सत्कार करताना वक्ते म्हणाले, "डॉक्टरांनी मुलांची भाषा ओळखली." मी हार घालून घेतला. ती भाषा मला कुणाच्या घरादाराच्या बदल्यात कळली, ते सांगितलं नाही.

मग ऐंशीच्या दशकातली एक सकाळ. बाहेर धुकं होतं, खिडकीतून रस्ता पुसलेल्या पाटीसारखा दिसत होता. एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आत आली. शेजारी दोन तरुण डॉक्टर शिकायला बसले होते. मुलीचं नाव शमा. गालावर आणि दंडावर फिकट चट्टे.

खेळ सुरू झाला. शमानं डोळे गच्च मिटले. गाल, दंड, कोपर. कापूस टेकला की बोट टेकलंच. तिला हसू आवरेना.

"काही नाही हे," मी आईला म्हणालो. "खोबरेल तेल लावा. आपोआप जातील."

बाई उठली नाही. "डॉक्टरसाब, माझ्या येळंला तुमी ह्यो खेळ न्हवता खेळला."

मी तिच्याकडे पाहिलं. ती डाव्या दंडावर हात ठेवून बसली होती.

"जैतून?"

"वळखलं म्हणायचं!" ती हसली. तेच हसू. मग पदर सारखा करून म्हणाली, "अब्बा गेलं, दोन वर्सं झाली. मरूस्तवर कापसाला हात लावला न्हाय त्यांनी. दुसऱ्याच्या वखारीत पोती उचलली. मला म्हणायचं, 'बेटी, मीच तुला रोग दिला.'" मग तिनं विचारलं, "साब, माझा डागबी असलाच हुता काय ओ? शमीसारखा?"

दोन्ही तरुण डॉक्टर माझ्याकडे बघत होते. एका शब्दाचं उत्तर होतं. इतकी वर्षं मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो असं मला वाटायचं. मी म्हणालो, "कापसातून तो रोग येत नाही. तुझ्या वडिलांचा काही दोष नव्हता."

"त्ये झालं. पर माझा डाग?"

"आता इतक्या वर्षांनी कसं सांगणार?"

ती बघत राहिली. टाचणीच्या वेळी बघितलं होतं तसंच, डोळे मोठे, ओठ मिटलेले.

तेवढ्यात शमानं माझ्या ट्रेमधला कापूस उचलला. "आता तुमी! डोळं झाका! झाका की!"

मी डोळे मिटले. तिनं कुठेतरी कापूस टेकवला. गालावर असेल, कपाळावर असेल. मला काही केल्या कळेना. पापण्या ओल्या झाल्या होत्या आणि सगळा चेहराच बधिर झाला होता. मी अंदाजानं हनुवटीवर बोट ठेवलं.

"चुकलं!" शमा टाळ्या वाजवत ओरडली. "डॉक्टर चुकलं! अम्मी, डॉक्टर चुकलं!"

तरुण डॉक्टर हसले. दारातून डोकावणाऱ्या आया हसल्या. मीही हसलो. जैतून हसली नाही. तिनं मुलीच्या हातातून कापूस काढून घेतला, दोन बोटांत धरून उलगडून बघितला आणि ट्रेमध्ये परत ठेवला. "नीट पिंजलेला न्हाय," ती म्हणाली. "चल शमे, डॉक्टरांना काम हाय." आणि दोघी धुक्यात निघून गेल्या.

दवाखाना बंद करताना सगळे कागद जाळले, जैतूनचा केसपेपर तेवढा ठेवला. हुसेनभाईंची उशी आता माझ्या आरामखुर्चीवर मानेखाली असते. तिच्यातल्या कापसाचा गोळा झालाय, आणि गल्लीत पिंजारी येत नाही. आज सकाळी तो केसपेपर काढला, 'संवेदना नाही' या शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'विचारलेला प्रश्न चुकीचा होता.' पण कपाटातला कागद जैतूनला कसा दिसणार? हा अंक निपाणीला जातो असं संपादक म्हणतात. म्हणून इथे लिहितो.

शमा, तू बरोबर ओरडलीस. जैतून, तुझा डाग तुझ्या लेकीसारखाच होता. तो रोग तुला कधीच नव्हता. हुसेनभाईंचा कापूस स्वच्छ होता.